टिचकीचे मोल : शोधयंत्रावरील जाहिरातींच्या परिणामकारकतेचा इतिहास

प्रस्तावना :

जाहिरातीवर केलेला खर्च खरोखर फळाला येतो काय, हा व्यापारातील जुना प्रश्न आहे. वृत्तपत्रात जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्याला अंकाचा खप कळत असे. परंतु ती जाहिरात कितीजणांनी वाचली व त्यांपैकी कितीजण दुकानात आले, हे कळण्याची सोय नव्हती. शोधयंत्रावरील, म्हणजेच सर्च इंजिनवरील जाहिरातीने ही अडचण दूर केल्याचा दावा केला. ग्राहक एखादी वस्तू शोधत असतानाच तिची जाहिरात त्याच्यासमोर येते आणि त्याने तीवर टिचकी मारली, म्हणजे क्लिक केले, तरच जाहिरातदाराला पैसे द्यावे लागतात. हीच 'पे-पर-क्लिक' पद्धती होय. या पद्धतीच्या वाटचालीत 'परिणाम' या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला आणि तो मोजण्याचे माप कोणाच्या हाती राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दर्शनाकडून टिचकीकडे :

ऑक्टोबर १९९४ मध्ये 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची फलक-जाहिरात झळकली. आरंभीच्या या काळात जाहिरात कितीवेळा दिसली, यावर आकारणी करण्याची प्रथा रूढ झाली. म्हणजे वृत्तपत्राचेच माप नव्या माध्यमाला लावले गेले. १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या मोठ्या जाहिरातदाराने याहूला केवळ टिचक्यांपुरतेच पैसे देण्याचा करार केला. दर्शनाऐवजी प्रतिसादाचे मोल देण्याची कल्पना यातून पुढे आली.

या कल्पनेला लिलावाची जोड दिली ती बिल ग्रॉस यांनी. त्यांच्या 'आयडियालॅब' या कॅलिफोर्नियातील संस्थेतून १९९८ मध्ये 'गोटू डॉट कॉम' हे शोधयंत्र सुरू झाले. जाहिरातदाराने एखाद्या शोधशब्दासाठी, म्हणजे कीवर्डसाठी, प्रत्येक टिचकीमागे बोली लावायची आणि ज्याची बोली जास्त त्याचा दुवा वर, असा साधा नियम होता. बोलीची रक्कम वाचकालाही दिसत असे. पुढे 'ओव्हर्चर' असे नामांतर झालेली ही कंपनी याहूने २००३ मध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेतली.

या लिलावात एक दोष मात्र होता. जिंकणाऱ्याला स्वतःची पूर्ण बोली भरावी लागे. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यापेक्षा एका सेंटने वर जाणे आणि तो मागे हटताच स्वतःची बोली खाली आणणे, असा खेळ अहोरात्र चाले. जाहिरातदाराचे कौशल्य ग्राहक ओळखण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्यावर पाळत ठेवण्यात खर्ची पडू लागले.

उपयुक्ततेचे माप :

गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा दिला होता. तरीही ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने 'ॲडवर्ड्स' ही योजना आणली. तिच्यात प्रारंभी दर्शनानुसार आकारणी होती. फेब्रुवारी २००२ मध्ये तिच्या नव्या आवृत्तीत टिचकीनुसार आकारणी आली आणि सोबत दोन महत्त्वाचे बदल झाले.

पहिला बदल असा की, जाहिरातीचे स्थान केवळ बोलीवर नव्हे, तर बोली आणि टिचकीचे प्रमाण यांच्या गुणाकारावर ठरू लागले. समजा, एकाची बोली १० रुपये असून १०० वाचकांपैकी एकच टिचकी मारतो. दुसऱ्याची बोली ६ रुपये असून दोघे टिचकी मारतात. शंभर दर्शनांमागे पहिल्याकडून १० आणि दुसऱ्याकडून १२ रुपये मिळत असल्याने दुसरा वर जातो. दुसरा बदल असा की, जाहिरातदाराने आपले स्थान राखण्यास आवश्यक तेवढीच, खालच्या स्पर्धकावर बेतलेली किंमत भरावी.

यामुळे 'परिणाम सुधारणे' याचा अर्थच पालटला. योग्य शोधशब्द निवडणे, असंबद्ध शोध वगळणे, जाहिरातीची भाषा ग्राहकाच्या गरजेशी जुळवणे आणि टिचकीनंतर उघडणारे पान उपयुक्त ठेवणे, हे या व्यवसायाचे मुख्य काम बनले. चांगली जाहिरात स्वस्त पडू लागल्याने बेताच्या भांडवलाच्या व्यापाऱ्यालाही वाव मिळाला. परंतु २००५ मध्ये टिचकीच्या प्रमाणाची जागा 'गुणवत्ता गुणांक' या व्यापक मापाने घेतली. त्यात अनेक घटक मिसळले जात आणि त्याचे नेमके सूत्र जाहिरातदाराला ज्ञात नसे. गोटूच्या काळातील उघडी बोली अशा रीतीने पडद्याआड गेली.

मापाविषयीचे वाद :

टिचकीला मोल आले तशा खोट्या टिचक्याही आल्या. त्यांविषयीच्या एका सामूहिक दाव्यात गूगलने २००६ मध्ये ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तत्पूर्वी २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शोधयंत्रांना पत्र पाठवून, पैसे घेऊन दाखविलेले दुवे वाचकाला स्पष्टपणे वेगळे ओळखता यावेत, असे बजावले होते.

भारतात हा वाद व्यापारचिन्हांच्या निमित्ताने न्यायालयात पोहोचला. प्रतिस्पर्ध्याचे नाव शोधशब्द म्हणून विकत घेता येईल काय, हा प्रश्न विवाहजुळणी संकेतस्थळांच्या संदर्भात मद्रास उच्च न्यायालयापुढे आला व त्यावर २०१० मध्ये निर्णय झाला. पुढे डी.आर.एस. लॉजिस्टिक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये असे मत दिले की, असा वापर तेवढ्यावरूनच उल्लंघन ठरत नाही; मात्र जाहिरात योजनेत गूगल हा निष्क्रिय मध्यस्थ नसून सक्रिय सहभागी आहे.

टिचकी म्हणजे फलप्राप्ती काय?

सर्वांत मूलभूत प्रश्न संशोधकांनी उपस्थित केला. ईबे कंपनीने २०१२ मध्ये काही शोधयंत्रांवर स्वतःच्याच नावावरील जाहिराती थांबवून पाहिल्या. ब्लेक, नॉस्को व टाडेलिस यांनी २०१५ मध्ये 'इकॉनॉमेट्रिका'त प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, गमावलेल्या टिचक्यांपैकी ९९.५ टक्के टिचक्या जाहिरातीविना दिसणाऱ्या दुव्यांतून परत मिळाल्या. जे ग्राहक येणारच होते त्यांच्यासाठी कंपनी पैसे मोजत होती. इतर शोधशब्दांवरील प्रयोगात नव्या व क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला; खर्चाचा मोठा भाग मात्र नेहमीच्या ग्राहकांवर होत होता. हा निष्कर्ष एका सुप्रसिद्ध कंपनीपुरता आहे. अपरिचित लहान उद्योगाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि टिचकी आणि टिचकीमुळे घडलेली विक्री या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून सिद्ध झाले.

निष्कर्ष :

दर्शन, टिचकी, गुणवत्ता आणि प्रत्यक्ष वाढीव विक्री अशा क्रमाने परिणामाची व्याख्या अधिकाधिक सूक्ष्म होत गेली. त्याचवेळी मोजमापाची सूत्रे विक्रेत्याकडेच एकवटली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोध-मजकुराच्या जाहिरातींत गूगलची मक्तेदारी असल्याचा निर्णय देताना, स्पर्धेचा धाक नसल्याने कंपनी दर वाढवू शकली, असे नमूद केले. वस्तू विकणारा आणि तराजू धरणारा एकच असेल, तर ग्राहकाने निदान वजने तरी स्वतःची बाळगावीत. काही काळ अथवा काही भागांत जाहिरात थांबवून विक्रीत पडणारा फरक तपासणे, हे जाहिरातदाराच्या हाती असलेले असे वजन होय. परिणाम सुधारण्याची सुरुवात तो स्वतंत्रपणे मोजण्यापासूनच होते, हाच या इतिहासाचा बोध आहे.