माहेरचे नाव, सासरचे नाव



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरलेच. सातवी शिकलेली मी, लिहिणार तरी काय? पण त्याच सुमारास सभासदांची यादी नव्या वहीत उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले, आणि विषय आपोआप हाती लागला. जुन्या वहीत कितीतरी ठिकाणी नुसते 'सौ.' आणि पुढे आडनाव. एकाच आडनावाच्या दोघीतिघी असल्या, तर ओळखीसाठी यजमानांच्या नावाचे पहिले अक्षर. बाईचे स्वतःचे नाव कुठेच नाही!

मुलगी जन्मली की बाराव्या दिवशी बारसे होते, आत्या कानात नाव सांगते. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलीचे दुसरे बारसे लग्नात होत आले आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवाने अंगठीने त्यांवर नवे नाव लिहायचे. पुष्कळदा ते नाव नवऱ्याच्या नावाशी जोडी जुळेल असे निवडत. साखर वाटली, की जुने नाव संपले.

आपल्या इतिहासातल्या थोर स्त्रियांची नावे घेऊन पाहा. मोरोपंत तांबे यांची मनकर्णिका 1842 साली गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न होऊन झाशीला गेली आणि लक्ष्मीबाई झाली. पुढे गोखल्यांच्या घरची आणखी एक मनकर्णिका नारायण वामन टिळकांची पत्नी झाली. नारायणाची लक्ष्मीच असायची, म्हणून तीही लक्ष्मीबाई! 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्या याच. कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांच्या घरी येऊन आनंदी झाली. 1886 साली अमेरिकेत डॉक्टरीची पदवी घेतली ती या आनंदीबाईंनी. कुर्लेकरांच्या घरची दुसरी यमुना 1873 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. पुण्याच्या सेवासदनाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. दोन मनकर्णिका, दोन यमुना! चौघींची सासरची नावे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. बारशाची नावे मात्र मुद्दाम सांगावी लागतात.

कोणी म्हणेल, मग बिघडले काय? नव्या नावानेच त्या मोठ्या झाल्या ना? खरे आहे. आणि प्रत्येक वेळी नाव बदलणे वाईटच असते, असेही नाही. लहानपणीच विधवा झालेल्या गोदूबाईंचा 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, तेव्हा त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले. ज्या काळी विधवेला सणासुदीलाही पुढे येऊ देत नसत, त्या काळी 'आनंदी' हे नाव म्हणजे नवा जन्मच होता. बाळूताई खरे यांनी तर आपले नाव आपणच घेतले. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या नावाने. स्त्रियांच्या मनातले बोलायचे म्हणून त्यांनी त्या नावाचा आडोसा केला. लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या.

म्हणून मला वाटते, प्रश्न नाव बदलण्याचा नाहीच. ते जिचे, तिला कोणी विचारले का, हा आहे.

न विचारता ठेवलेले नाव किती खोल लागते, हे सातारा जिल्ह्यात दिसले. मुलीवर मुलगी झाली की तिचे नाव 'नकुसा' ठेवायचे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल, अशी समजूत. शाळेत हजेरी घेतानाही तेच, 'नको असलेली'. 22 ऑक्टोबर 2011 रोजी तिथे समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावे दिली. काहींनी ती आपल्या पसंतीने निवडली. त्या वयात स्वतःचे बारसे स्वतः करण्याचे भाग्य आपल्यापैकी किती जणींना लाभले?

आता माझे सांगते. माझेही नाव ताटातल्या तांदळांवर बदलले. मी हसतच ते घेतले आणि आज ते मला प्रियही आहे. काही वर्षांपूर्वी आई गेली. वारसाच्या कागदांसाठी मी एका कचेरीत गेले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, बाकी सगळीकडे सासरचे. तिथले गृहस्थ म्हणाले, "ही मुलगी तुम्हीच कशावरून?" मला उत्तर सुचेना. त्या नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती उरली होती, तीही गेली. आणि ते नाव माझेच होते, हे मला प्रतिज्ञापत्र करून सांगावे लागले. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे मला त्या खेपा घालतानाच कळले.

काळ बदलतो आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि नंतर आडनाव लावावे, असे आपल्या राज्य सरकारने ठरवले आहे. आईचे नाव लिहायचे, तर आधी ते विचारावे लागणारच!

म्हणून यंदाच्या यादीसाठी मी घरोघर जाऊन प्रत्येकीला विचारले, "तुमचे नाव कसे छापू?" कोणी सासरचेच सांगितले, कोणी दोन्ही. आपल्या एका आजींना माहेरचे नाव विचारले, तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. मग हसून नाव सांगितले आणि म्हणाल्या, "लिहून ठेव गं बाई. माझ्या नातवंडांनाही ठाऊक नाही."

ते नाव शेवटच्या पानांवरील यादीत आहे. आपले नाव बरोबर छापले आहे ना, तेवढे प्रत्येकीने पाहावे. चूक असली तर ती माझी. पुढच्या खेपेस दुरुस्त करीन.