अमर शेख लोकांना का आवडले?

उर्दूच्या तासाला मी 'शायर' शिकवतो आणि मराठीच्या तासाला 'शाहीर'. मूळ शब्द एकच, अरबीतला 'शाइर'. मुशायऱ्यात तो शायर राहिला आणि महाराष्ट्रात येऊन हातात डफ घेतला तेव्हा शाहीर झाला. डफ हा शब्दही त्याच वाटेने आलेला आहे. हे ऐकून मुलांना गंमत वाटते, पण लगेच कुणीतरी विचारतंच, "सर, मग मुसलमान शाहीर पण होते का?"

होते. पेशवाईच्या अखेरच्या काळातले सगनभाऊ मुसलमान होते. त्यांच्या लावण्यांवाचून मराठी शाहिरीचा इतिहास पुरा होत नाही. आणि विसाव्या शतकात शाहीर अमर शेख होते.

अमर शेखांचं नाव आपल्यात हल्ली दोनच वेळा निघतं. एक, १ मे जवळ आला की. दुसरं, मुसलमानांचा मराठीशी काय संबंध असं कुणी म्हटलं की. मग आपण घाईघाईने त्यांचं नाव पुढे करतो, जसं सरकारी कचेरीत रेशनकार्ड पुढे करावं. मला हे खटकतं. ज्या माणसाच्या आवाजावर गिरणगाव जीव टाकत होतं, त्याला आपण रहिवासाचा दाखला करून टाकलं. त्याच्या गाण्यात लोकांना काय सापडलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घर गरीब. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत मजुरी केली. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या लढ्यात ते पुढे आले, विसापूरच्या तुरुंगात गेले आणि कम्युनिस्ट विचारांकडे वळले. लोकगीतांचं देणं त्यांना आई मुनेरबीकडून मिळालं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मराठी त्यांना शाळेच्या पुस्तकातून किंवा कुणाच्या मेहेरबानीने मिळाली नव्हती. ती घरातूनच आली होती. आपल्याकडच्या कितीतरी मुसलमान घरांत दळताना, पाळणा हलवताना, हळदीच्या वेळी बायका मराठी गाणी म्हणत आल्या आहेत. त्यात त्यांना कधी काही वेगळं करतोय असं वाटलं नाही.

१९४४ च्या सुमारास मुंबईत अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख हे तिघं लालबावटा कलापथकात एकत्र आले. अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेले, अमर शेख बार्शीच्या मुसलमान वस्तीतले. दोघांनीही गिरणीतली मजुरी केलेली. म्हणून त्यांच्या समोर बसलेला कामगार त्यांना कुणाकडून समजून घ्यावा लागला नाही. सरकारने या कलापथकावर बंदीही घातली. गाण्यावर बंदी घालावी लागते, याचा अर्थ ते गाणं पोहोचत असतं.

आता त्या एका गाण्याबद्दल. 'माझी मैना' ही छक्कड अण्णाभाऊंनी लिहिली आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती महाराष्ट्रभर गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं हे सर्वांत गाजलेलं गाणं म्हणता येईल. पण ते सुरू होतं ते बायकोच्या आठवणीने. पोटापाण्यासाठी मुंबईला आलेला एक माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो आहे, एवढीच ती गोष्ट.

हे गाणं ऐकणाऱ्यांचं जगणं डोळ्यांपुढे आणा. घाटावरून आणि कोकणातून आलेले गिरणी कामगार परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत कितीतरी जण मिळून राहायचे. पाळी बदलली की झोपायची वळकटीही बदलायची. जेवण खानावळीत. बायको-मुलं गावी. वर्षातून एक-दोनदा सणाला नाहीतर जत्रेला भेट, बाकी सगळा संसार मनीऑर्डरवर. या माणसांना बायकोची आठवण येते असं भर सभेत म्हणायची सोय नव्हती. पुरुषाने असं बोलायचं नसतं. ते अमर शेखांनी खणखणीत आवाजात, हजारो लोकांसमोर म्हटलं. ज्याचं दुःख त्यालाही बोलता येत नव्हतं, ते दुसऱ्याने त्याच्यासाठी गायलं. लोक गायकावर प्रेम करतात ते इथे.

हे दुःख आपल्याही ओळखीचं आहे. कोकणातल्या मुसलमान घरांतले पुरुष पिढ्यानपिढ्या बोटीवर गेले आणि पुढे आखातात गेले. मनीऑर्डरच्या जागी ड्राफ्ट आला, पत्राच्या जागी कॅसेट आणि मग मोबाइल आला. गावातली मैना मात्र तिथेच राहिली.

गाणं पुढे वळतं आणि बेळगाव, कारवार, निपाणी यांची आठवण काढतं. ही गावं म्हणजे घरापासून तुटलेली मैनाच. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य आलं. भाषावार प्रांतरचना, आयोग, अहवाल हे सगळं अवघड प्रकरण कामगाराला या छक्कडीने एका क्षणात कळलं, कारण ताटातूट म्हणजे काय ते त्याला आधीच माहीत होतं. पुढाऱ्यांच्या भाषणातली मागणी त्याच्या घरची गोष्ट झाली. १०६ हुतात्मे देऊन १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र तिकडेच राहिली आणि सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणून हे गाणं अजून जुनं झालेलं नाही.

त्या सभांमध्ये शेख नावाच्या माणसाने मराठी राज्य मागितलं आणि समोरच्या गर्दीने त्याच्या सुरात सूर मिसळला. तो आमच्यातला आहे का, असा सवाल करायला कुणाला सवड नव्हती. गाणं इतकं आपलं वाटत होतं की गाणारा परका वाटणं शक्यच नव्हतं.

आपल्यातल्या काहींना ते कम्युनिस्ट म्हणून दूरचे वाटतात. बाहेरच्या काहींना ते 'चांगले मुसलमान' म्हणून भाषणात घ्यायला बरे वाटतात. दोघांनाही गाण्याशी देणंघेणं नाही. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आपल्या किती घरांत असतील? आपल्या किती शाळांच्या वाचनालयांत असतील? ज्यांचं नाव आपण पुरावा म्हणून वापरतो, त्यांच्या ओळी आपल्या मुलांना येत नसतील तर तो पुरावा कशाचा?

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. दोघांनाही पन्नाशी-साठीचं निवांत म्हातारपण मिळालं नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी आता असं सांगतो: अमर शेख मुसलमान होते हे लक्षात ठेवा, पण त्यासाठी म्हणून त्यांना ऐकू नका. ज्यांचे अब्बा, मामू किंवा भाईजान कामासाठी घरापासून लांब आहेत, त्यांनी आधी ऐका. बाकीचं गाणंच सांगेल.