ऑकलंड ते नागपूर : एका इंजेक्शनाची कागदपत्रे

१९६९ साली 'जर्नल ऑफ एंडोक्रायनॉलॉजी'त मेंढ्यांविषयीचा एक निबंध छापून आला. लेखक ग्रॅहम लिगिन्स हे ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ. त्यांना शोध घ्यायचा होता तो कळा कशा सुरू होतात याचा. त्यासाठी त्यांनी पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड दिले आणि ती वेळेआधी जन्माला आली. मेंढीचे दिवस भरतात सुमारे दीडशे दिवसांनी. ही कोकरे जेमतेम १२० दिवसांची. इतक्या कोवळ्या जिवाची फुप्फुसे हवेने फुलायला नकोत, पण काहींची थोडीफार फुललेली आढळली. निबंधाच्या मूळ प्रश्नाशी या नोंदीचा फारसा संबंध नव्हता. पुढचा सगळा इतिहास मात्र तिच्यातूनच निघाला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे उघडी राहत नाहीत, आणि त्या काळी त्यावर इलाज जवळजवळ नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांना सोबत घेऊन बीटामेथासोन या स्टेरॉइडची माणसांवर चाचणी सुरू केली. तिचा अहवाल १९७२ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये आला. तो सावकाश वाचण्यासारखा आहे.

चाचणीत २८२ माता होत्या, त्यांतल्या २१३ जणींना आपोआप अकाली कळा सुरू झालेल्या. औषधाला काम करायला वेळ मिळावा म्हणून गरजेप्रमाणे साल्ब्युटामॉल किंवा चक्क अल्कोहोल शिरेतून देऊन बाळंतपण लांबवले जाई. (आज कोणत्या प्रसूतिगृहात हे खपेल?) आपोआप कळा आलेल्या गटात बीटामेथासोन मिळालेल्यांची ३.२ टक्के बाळे पहिल्या दिवसांत दगावली, न मिळालेल्यांची १५ टक्के. श्वसनाचा विकार ९ टक्क्यांना झाला, दुसरीकडे २५.८ टक्क्यांना. अहवाल बहुधा एवढ्यासाठीच उद्धृत होतो. पण त्याच सारांशात लेखकांनी पुढे लिहिले आहे की श्वसनविकारातला हा फरक ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या आणि औषध मिळून किमान २४ तास झालेल्या बाळांपुरताच होता. तिथे तो प्रचंड होता : ११.८ टक्के विरुद्ध ६९.६ टक्के. शिवाय, तीव्र रक्तदाब आणि लघवीत प्रथिने असलेल्या मातांच्या पोटातली बाळे या औषधाने दगावण्याचा धोका वाढत असावा, अशी शंकाही त्यांनी नोंदवली. औषध कोणाला, केव्हा आणि कोणाला जपून द्यायचे, हे सगळे पहिल्याच कागदावर होते.

त्यानंतरची वीस वर्षे वाचताना चीड येते. चाचण्या होत राहिल्या, बहुतेकींचा कल एकाच दिशेने. पण प्रत्येक चाचणी लहान, आणि प्रत्येकीनंतर शंका त्याच. आईला जंतुसंसर्ग झाला तर? बाळाच्या पुढच्या वाढीवर परिणाम झाला तर? १९७९ मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रन यांनी पुराव्याची सर्वांत कमी पर्वा करणारी शाखा म्हणून प्रसूतिशास्त्राला 'लाकडी चमचा', म्हणजे शेवटच्या क्रमांकाचे बक्षीस, बहाल केला, तो उगाच नव्हे. १९९० मध्ये पॅट्रिशिया क्राउली, इयन चाल्मर्स आणि मार्क कीर्स यांनी १२ चाचण्या, तीन हजारांहून अधिक माता, एकत्र मांडल्या तेव्हा शंकेला जागा उरली नाही. पुढे कॉक्रन यांच्या नावाने निघालेल्या संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा याच औषधाच्या चाचण्यांच्या आहेत. तरीही १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) याच औषधावर भरवलेल्या परिषदेच्या निवेदनात नोंद अशी, की दीड किलोपर्यंतच्या बाळांना जन्म देणाऱ्यांपैकी जेमतेम १२ ते १८ टक्के मातांना हे औषध मिळत होते.

उशीर झाला हे कळल्यावर घाई आली. जून २०१४ मध्ये भारत सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या : अकाली कळा आलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी एएनएमताईंनीही डेक्सामेथासोनचा (याच जातीच्या स्टेरॉइडचा) पहिला डोस द्यावा. हेतू उघडच चांगला होता. चारच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, 'लॅन्सेट'ने सहा देशांतल्या एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तिच्या क्षेत्रांत आपले नागपूर आणि बेळगाव होते. सोनोग्राफी हाताशी नसेल तिथे पाळीच्या तारखेवरून, नाहीतर पोटावर रंगीत टेप धरून दिवस मोजायचे आणि इंजेक्शन द्यायचे, अशी ती योजना. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब लागला. सर्वांत लहान बाळांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता : हजारी २२५ आणि २३२. एकूण सर्व बाळांत मात्र योजना राबवलेल्या भागात हजारी २७.४ मृत्यू, इतरत्र २३.९. मातांमध्ये संशयित जंतुसंसर्गही वाढलेला.

यावरून औषधच खोटे ठरवणाऱ्यांचे मला पटत नाही. ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांतल्या बहुतेक जणींचे बाळंतपण अकाली झालेच नाही. म्हणजे १९७२ च्या अहवालाने ज्यांच्यापुरता गुण दाखवला होता, त्यांच्या पलीकडच्या पोटातल्या बाळांपर्यंत औषध गेले होते. लिगिन्स यांच्या माता इस्पितळात होत्या, आणि त्यांच्या बाळांसाठी हाउई यांच्यासारखा डॉक्टर तिथे होता. टेपबरोबर हे सगळे गावात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अटी घातल्या त्या नेमक्या याच : दिवस अचूक मोजता यावेत, बाळंतपण लवकरच होण्याची दाट शक्यता असावी, आईला संसर्ग नसावा, आणि प्रसूतीची व नवजात बाळाच्या देखभालीची नीट सोय असावी.

मग या अटी पाळून भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या २९ रुग्णालयांत पुन्हा चाचणी झाली. माता २,८५२. दिवसांची खात्री सोनोग्राफीने केलेली. २०२० च्या अहवालात डेक्सामेथासोनच्या गटात १९.६ टक्के नवजात दगावले, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. मातांचा संभाव्य संसर्ग ४.८ आणि ६.३ टक्के, वाढ नाहीच. फायदा स्पष्ट दिसल्याने चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली.