दिवाडीचा देव आणि दिवाडीचा बिशप

भोपाळ येथे रोमन कॅथलिकांचा महाधर्मप्रांत १९६३ साली स्थापन झाला, तेव्हा पहिले आर्चबिशप म्हणून नागपुरात जन्मलेले युजीन डिसोझा आले. या शहरात वस्ती करून राहिलेल्या आम्हां मराठी-कोंकणी मंडळींस आज त्यात नवल वाटत नाही. परंतु देशी मनुष्यास पाद्रीपणाचे शिक्षण दिल्यावर धर्माधिकारही द्यावा की नाही, हा वाद एके काळी आपल्याच गोमंतकात पेटला होता. आणि तो आपल्या देवस्थानांच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोगा आहे.

मातेउश द काश्त्रु यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुळात झाला. दिवाडीची महती आमच्या वाचकांस सांगावयास नको. कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर तेथलेच. पोर्तुगिजांनी देऊळ मोडल्यावर देव नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे गावी गेला, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला.

काश्त्रूंनी रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांपाशी अध्ययन केले. पण गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांस दीक्षा नाकारली. विद्या उणी नव्हती, जन्म आडवा आला. धर्म बदलला तरी गोऱ्यांच्या पंक्तीत पाट मिळेना! तेव्हा या गृहस्थाने थेट रोम गाठले. तेथे १६२२ साली स्थापन झालेल्या धर्मप्रसार-मंडळास पोर्तुगालच्या राजाच्या मुठीतून मिशने सोडवावयाची होती; त्यास असा मनुष्य हवाच होता. काश्त्रूंस दीक्षा मिळाली आणि १६३७ साली ते बिशप झाले. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप होत.

गोव्याने मात्र त्यांचा अधिकार मानला नाही. अखेर त्यांनी आदिलशाहीतील डिचोलीत ठाणे मांडले. ज्या सीमेपलीकडे दिवाडीच्या देवाने आश्रय घेतला होता, तिच्याच पलीकडे दिवाडीच्या बिशपासही जावे लागले. तेथून १६५३ साली त्यांनी ख्रिस्ती ब्राह्मणांस पोर्तुगिजांविरुद्ध उठावयास सांगणारे एक प्रखर पत्रक लिहिले.

त्यांस आम्ही देशभक्तांच्या मालिकेत बसवू इच्छीत नाही. त्यांचा कैवार बहुतांशी स्वजातीपुरता होता, आणि ख्रिस्ती धर्माचा प्रसार हेच त्यांचे ध्येय शेवटपर्यंत राहिले. तथापि रोमच्या विद्येने त्यांचे दिवाडीकरपण पुसले नाही, हे त्या पत्रकावरून स्पष्ट दिसते. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे रोममध्येच गेली.