गोधडी आणि साशिको
जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने जोडून ते पुन्हा वापरात आणण्याच्या दोन स्वतंत्र परंपरा. गोधडी आपली, साशिको जपानची.

गोंदिया जिल्हा हा विदर्भाच्या झाडीपट्टीतला भाताचा मुलूख. विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत त्याचे नाव वारंवार येते, आणि अशा थंडीत गोधडीची ऊब लागतेच. विरलेली लुगडी, धोतरे आत घालायची, त्यातल्या त्यात धड लुगडे वर. टीप कडेने सुरू होते आणि चौकटीत चौकट घेत मध्याकडे सरकते. त्यामुळे आतला विरलेला थर हलत नाही. वरचे कापड फाटले की त्यावर ठिगळ बसते आणि गोधडी आणखी जाड होते. गरिबीची खूण मानल्या गेलेल्या या ठिगळाला विदर्भात मानही मिळाला. चिंध्यांचे वस्त्र पांघरणारे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखले जात.

साशिकोमागेही अशीच गरज आहे. ईशान्य जपानच्या थंडीत कापूस पिकत नसे. तिथल्या त्सुगारू प्रांताच्या सरंजामी सत्तेने १७२४ मध्ये शेतकऱ्यांना सुती कपडे वापरण्यास बंदी केली. अंगावर उरले तागासारख्या धाग्याचे विरळ कापड. त्याची छिद्रे बायकांनी टाके घालून बुजवली. पुढे निळ्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्याची ‘कोगिन’ नक्षी त्यातूनच आली. कोगिनमध्ये धागे विषम संख्येने मोजतात, शेजारच्या नानबूच्या ‘हिशिझाशी’त सम संख्येने. ठिगळावर ठिगळ चढलेल्या वस्त्रांना ‘बोरो’ म्हणतात.

फाटलेल्या जीन्सला साशिकोने सांधताना छिद्राच्या आतून अस्तर लावावे आणि टाके छिद्राबाहेरच्या मजबूत कापडापर्यंत न्यावेत. दोरा फार ओढू नये, कापड आक्रसते. अशी दुरुस्ती कुणीही करावी. मात्र विकताना वा शिकवताना नक्षीचे नाव आणि प्रदेश सांगावा, टंचाईतून आलेल्या कलेला निव्वळ फॅशन ठरवू नये. गोधडीला ‘भारतीय साशिको’ म्हणणेही चूकच: त्यात जपानी बाईचे श्रेय पुसट होते आणि आपल्या आजीचेही.

घरातल्या जुन्या गोधडीची टीप कोणी घातली, कापड कुणाच्या लुगड्याचे, हे वडीलधाऱ्या बायांना विचारून आजच लिहून ठेवा.