बिनपत्त्याची माणसं आणि इंदूरचा हिशेब



समूहावर मध्यंतरी सरवटे बसस्टँडच्या नव्या इमारतीचे फोटो आले होते. सगळ्यांनी वाहवा केली. खाली एका ताईंनी विचारलं होतं, "इथे रात्री झोपणारी माणसं आता कुठे झोपतात?" त्यावर कोणी काही लिहिलं नाही. (जाता जाता नव्या पिढीसाठी: हे सरवटे म्हणजे आपले विनायक सीताराम सरवटे, संविधान सभेचे सदस्य. मुलं समजतात की कोणी कंत्राटदार असेल.)

मी बी.कॉम. झालेला, जन्मभर बँकेत खतावणी बघितलेला माणूस. त्यामुळे या प्रश्नाकडे मी खात्यांच्या बाजूने बघतो. ज्याला घर नाही त्याच्यासाठी आमच्या गावात पैसा कोणत्या खात्यातून आला, कशावर लागला आणि किती दिवस टिकला?

सुरुवात अहिल्याबाईंपासूनच करावी लागते. होळकरांच्या दौलतीत दोन हिशेब वेगळे असत, एक सरकारी आणि एक खासगी. काशीपासून रामेश्वरापर्यंत बाईंनी जे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली, त्यांचा खर्च खासगीतून झाला. मला त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढची. नुसती इमारत बांधून त्या थांबल्या नाहीत. धान्य, दिवाबत्ती, पाणी, माणसं यांसाठी उत्पन्न लावून दिलं. आजच्या भाषेत भांडवली खर्चाबरोबर महसुली खर्चाचीही सोय केली. म्हणून त्यातल्या काही जागा दोनशे वर्षं चालल्या. पण हेही आपणच लिहायला पाहिजे की धर्मशाळा वाटसरूसाठी होती. म्हणजे ज्याला परत जायला गाव आहे, घर आहे, त्याच्यासाठी. आणि पंगत सगळ्यांची एक नव्हती.

पुढे कापडगिरण्या आल्या आणि वाटसरू मुक्कामी राहू लागला. गिरण्यांची दाटी, प्लेगची भीती, म्हणून तुकोजीराव महाराजांच्या काळात स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं गेलं. त्यांचा इंदूरवरचा अहवाल 1918 चा. दिवाळीत गावभर मिरवणूक काढून त्यांनी लोकांकडून साफसफाई करवून घेतली, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीत सांगितली जायची. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, आहे तिथेच जरुरीपुरती कापाकापी करून हवा-पाणी आणा, असं गेडिस सांगत होते. साहेब शहाणा होता.

1971 साली इंदूरची वस्ती साडेपाच लाखांच्या थोडी वर होती. 1991 साली जवळजवळ अकरा लाख. वीस वर्षांत दुप्पट. मी नोकरीला लागलो तो नेमका याच काळात, आणि तेव्हाचं इंदूर घरांच्या बाबतीत खरोखर धडपडत होतं. ते श्रेय द्यायला हवं. 1984 साली मध्य प्रदेशात पट्ट्याचा कायदा झाला. त्या वर्षी 10 एप्रिलला शहरातल्या सरकारी जमिनीवर ज्याची झोपडी होती, त्या भूमिहीनाला 50 चौरस मीटरपर्यंतच्या जागेचा पट्टा मिळणार. लाखो लोकांच्या डोक्यावरची बुलडोझरची टांगती तलवार त्याने काढली.

मग अरण्य. आता प्रित्झकर मिळाल्यामुळे बाळकृष्ण दोशी सगळ्यांना माहीत झाले. इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांनी ही वसाहत आखली तेव्हा आम्हा बँकवाल्यांना तिच्या नकाशापेक्षा तिच्या हिशेबाचं कौतुक होतं. सुमारे साडेसहा हजार भूखंड, त्यातले पासष्ट टक्के सगळ्यात गरीब गटासाठी. लहानात लहान भूखंड 35 चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास-मोरीचा गाळा, ऐपत असेल तर एक खोली. बाकीचं घर माणसाने जमेल तसं वाढवायचं. मोठे भूखंड चढ्या भावाने विकून त्या नफ्यातून लहान भूखंडांचा भाव खाली ठेवायचा. जागतिक बँक आणि हुडको यांचा पैसा होता, आणि हप्ते उत्पन्न बघून ठरवलेले. 1995 साली आगा खान पुरस्कार मिळाला.

तीनच वर्षांनी, 1998 साली, तोच पुरस्कार पुन्हा इंदूरला आला. या वेळी वस्त्या जोडण्याच्या प्रकल्पाला. अभियंता हिमांशू पारीख यांच्या लक्षात आलं होतं की झोपडपट्ट्या बहुतेक नदी-नाल्यांच्या कडेला आहेत आणि गावाच्या सांडपाण्याचा उतारही तिकडेच आहे. तेव्हा गटारं या वस्त्यांमधूनच न्या, म्हणजे वस्तीही सुधारेल आणि गावही. ब्रिटिश मदतीतून 183 वस्त्यांत काम झालं. पुढे देखभालीला पैसा राहिला नाही, गटारं तुंबली आणि त्यावर कडक टीकाही झाली. इथेही तेच: बांधायला निधी, चालवायला नाही.

आता माझा मुद्दा. पट्टा मिळायला आधी झोपडी पाहिजे. अरण्यात भूखंड मिळायला सुरुवातीची रक्कम पाहिजे आणि अर्ज भरायला पत्ता पाहिजे. वस्ती सुधारायला वस्ती पाहिजे. तिन्ही योजना चांगल्या होत्या, पण तिन्हींची सगळ्यात खालची पायरी फुटपाथपेक्षा एक हात वर होती.

हे मला एका माणसामुळे दिसलं. सियागंजच्या बाजूला आमची शाखा होती. तिच्या ओट्यावर एक निमाडी हमाल झोपायचा, पन्नाशीचा. दुकानदार त्याला मामा म्हणत. कमाई वाईट नव्हती. एखाद्या दिवशी आमच्या शिपायापेक्षा जास्त पैसे घेऊन उठायचा. ते पैसे एका शेठजींकडे ठेवायचा. एकदा मला म्हणाला, "साब, सेठ बूढ़े हो गए, मेरा खाता खोल दो." खात्याला ओळख देणारा लागायचा, ती शेठजींनी दिली. पत्त्याच्या रकान्यात काय लिहिणार? बँकेचा ओटा? शेवटी "द्वारा" लिहून शेठजींच्या दुकानाचा पत्ता घातला. खातं उघडलं.

त्याच मामाने घराच्या योजनेबद्दल विचारलं तेव्हा मात्र गाडी अडली. अर्जाला रेशनकार्ड पाहिजे. रेशनकार्डाला घराचा पत्ता पाहिजे. घर पाहिजे म्हणून तर अर्ज! हप्ता भरायची त्याची ऐपत होती, हे त्याच्या पासबुकावरून मी सांगू शकत होतो. पण हे सांगायला रकाना नव्हता. पुढे शेठजी गेले, दुकान विकलं गेलं आणि 2002 नंतर ग्राहक ओळखीचे नियम कडक झाले. मामाच्या खात्याला "पत्त्याचा पुरावा प्रलंबित" असा शेरा लागला. तोवर माझी बदली खरगोनला झाली होती. कागदपत्रांशिवाय, फोटो आणि अंगठ्यावर छोटं खातं उघडायची मुभा रीतसर आली ती 2010 साली. मामाच्या उपयोगाची ती राहिली नसणार.

तुम्ही म्हणाल, फुटपाथवरच्या माणसासाठी सरकारने काहीच केलं नाही का? केलं की. 1988-89 साली केंद्राने खास त्याच्यासाठी रात्रनिवाऱ्याची योजना काढली. थोडं अनुदान, आणि बाकी मोठा भाग नगरपालिकेने स्वतः घालायचा नाहीतर हुडकोचं कर्ज काढायचं. बँकेतल्या माणसाला हे वाचून हसू येतं. कर्ज म्हटलं की परतफेड आली. रात्रीच्या खाटेचे रुपया-दोन रुपये घेऊन कोणती नगरपालिका हुडकोचं व्याज भरणार? 2002 साली योजना नव्याने मांडली, तरी राज्यांनी पैसे उचलले नाहीत, आणि 2005 मध्ये ती गुंडाळली. न उचललेला निधी म्हणजे गरज नाही, असा अर्थ दप्तरात लागतो. 2001 च्या जनगणनेत देशातले शहरी बेघर पावणेआठ लाखांच्या वर होते. 2011 मध्ये ते सव्वानऊ लाखांच्या पुढे गेले. मोजणी एका रात्रीत होते, पुलाखाली कोण किती मोजलं गेलं हे सोडून द्या.

मग सर्वोच्च न्यायालय मध्ये पडलं. 2010 नंतरच्या आदेशांतून मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा हे माप पक्कं झालं. इंदूर तेव्हा वीस लाखांच्या घरात, म्हणजे सरळ हिशेबाने वीस निवारे. 2013 च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने तेच माप घेतलं: निदान 50 माणसांची सोय, माणशी 50 चौरस फूट, बारा महिने चोवीस तास. बांधकामाला केंद्राचे पैसे, आणि या वेळी चालवायलाही. पण पाच वर्षं. त्यानंतर ज्याचं त्याने बघायचं. 2016 साली पुन्हा न्यायालयालाच म्हणावं लागलं की पैसा आहे, योजना आहे, तरी बेघर जिथे होते तिथेच आहेत. आणि न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली.

29 जानेवारी 2021 ची गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं. त्याचा अभिमान मलाही आहे. सकाळी फिरायला जातो तेव्हा रस्ता बघून छाती फुगते. त्या दिवशी कडाक्याच्या थंडीत नगर निगमच्या गाडीने बेघर म्हातारी माणसं भरून गावाबाहेर क्षिप्रेजवळ नेऊन उतरवली. तिथल्या लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं, आरडाओरडा केला, तेव्हा त्यांना परत गाडीत बसवलं. एका उपायुक्ताचं निलंबन झालं. त्या चित्रफितीत म्हाताऱ्यांची गाठोडी रस्त्याकडेला पडलेली दिसतात. झोपायला जागा कमी असेल तर समजू शकतो. पण स्वच्छतेचे गुण मिळवायच्या घाईत माणूस कचऱ्याच्या रकान्यात गेला, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं.

आणखी एक. त्या माणसांना इंदूरच्या हद्दीबाहेर सोडलं. हद्द ओलांडली की प्रश्न दुसऱ्याचा! इंदूरच्या पुलाखाली झोपणारा मजूर झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून आलेला असतो. पाऊस झाला नाही, उसनवारी वाढली की निघतो. त्यातलेच पुष्कळ आधी गुजरातेत जातात. वडोदऱ्याच्या मंडळींना ते तिकडच्या बांधकामांवर दिसत असतील. निवाऱ्याचा निधी मात्र शहराच्या हद्दीपुरता मोजला जातो. 74 व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समित्या सांगितल्या, मध्य प्रदेशात 1995 साली कायदाही झाला. पण माणूस एका जिल्ह्यात उपाशी राहतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात बेघर होतो, हा खर्च दोन समित्यांपैकी कोणाच्या वहीत धरायचा? आता इंदूर, उज्जैन, देवास, धार मिळून महानगर प्रदेशाच्या गोष्टी चालल्या आहेत. रस्ते, उद्योग, 2028 चा सिंहस्थ यांचे आकडे वर्तमानपत्रात रोज येतात. पाच वर्षं संपलेल्या निवाऱ्यांचा सहाव्या वर्षाचा खर्च त्यात कुठे आहे, ते मी शोधतो आहे. सापडला की इथेच टाकीन.

समूहातल्या कोणाकडे जुन्या मराठी धर्मशाळांच्या जमाखर्चाच्या वह्या असतील, मोडी लिपीतल्या असल्या तरी, कृपा करून फोटो काढून पाठवा. दिवाबत्ती आणि धान्याच्या नोंदींची पानं विशेष करून. ग्वाल्हेर आणि वडोदऱ्याच्या मंडळींनी आपापल्या गावच्या रैनबसेऱ्यात एकदा संध्याकाळी जाऊन यावं आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: आत घ्यायला ओळखपत्र मागतात का, आणि चौकीदाराचा पगार कोण देतं.