शाळा मंडळ, सिंगापूरमधील
शाळेचा कारभार, निधी व समाजाशी असलेले संबंध पाहणारी स्थानिक समिती. हिचे अधिकार शाळेच्या प्रकारानुसार बदलतात.

वसाहतकाळात मिशनरी संस्था आणि चिनी व्यापारी मंडळींनी वर्गणीतून शाळा उभारल्या व त्यांच्या समित्यांनीच त्या चालवल्या; व्यापारी तान काह की यांच्या पुढाकाराने 1919 मध्ये निघालेली चायनीज हायस्कूल ही त्यांपैकी एक. 1957 च्या शिक्षण कायद्याने अशा व्यवस्थापनाला चौकट मिळाली. 1988 पासून काही शाळांना स्वायत्तता देण्यात आली आणि 1990 मध्ये त्यांच्या मंडळांसाठी स्वतंत्र कायदा झाला (पहा : शैक्षणिक स्वायत्तता).

स्वायत्त शाळेचे मंडळ शुल्क व नेमणुका ठरवते. अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. सरकारी शाळेतील सल्लागार समिती निधी उभारते, परिसराशी दुवा राखते. या दोन्ही प्रकारांत अभ्यासक्रम, शिक्षक व मुख्य अनुदान मात्र शिक्षण मंत्रालयाकडेच. पालकांचा सहभाग मुख्यतः पालक गटांतून होतो.

अमेरिकेतल्यासारखी निवडून आलेली मंडळे येथे नाहीत, हा निर्णायक भेद होय. भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात (पहा : शाळा व्यवस्थापन समिती).